डिसेंबरात केदारकंठा: स्लीपिंग बॅग बदलू की मॅट?

पायवाट | ९ ऑक्टोबर, रात्री १०:४२

मंडळी, सल्ला हवाय. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराला चाललोय, मी आणि माझी धाकटी बहीण. सह्याद्रीत वीसेक वर्षं भटकतेय, त्यामुळे चालायची काळजी नाही. बर्फावर मात्र कधी झोपलेले नाही, आणि काळजी त्या झोपेचीच आहे.

गेल्या जानेवारीत रतनगडच्या गुहेत मुक्काम होता. स्लीपिंग बॅग बरी आहे, शून्य अंशाची, म्हणजे तिच्यावर तसं लिहिलंय. अंगात थर्मल, पायात दोन मोजे, डोक्याला कानटोपी. तरी दीडनंतर डोळ्याला डोळा लागला नाही. गंमत अशी की वरून मी छान गरम होते. पोटावर हात ठेवला तर ऊब लागत होती. पण ज्या कुशीवर झोपले होते तो खुबा आणि खांदा गारठून दगड झालेला. कूस बदलली की पाच मिनिटं बरं वाटायचं, मग ती बाजू गार. तव्यावरच्या भाकरीसारखी पहाटेपर्यंत उलटत होते, फक्त तवा थंड होता.

खाली आपली नेहमीची निळी गुंडाळी, म्हणजे फोमची मॅट, होती. दादर स्टेशनाबाहेर घेतलेली, बारा-तेरा वर्षं झाली असतील.

आता दुकानदार म्हणतो उणे दहाची बॅग घ्या, नऊ हजार. बहीण म्हणते फुगवायची मॅट घेऊ. दोघींचं मिळून बजेट आठ हजार. वय ४४, कुशीवर झोपायची सवय, वजन उचलायची तयारी आहे. काय करू?

---

घोंगडी | १० ऑक्टोबर, सकाळी ६:१५

ताई, आमच्या वेळी खाली गोणपाट, त्यावर सतरंजी, अंगावर घोंगडी. वासोट्याला नागेश्वराच्या गुहेत डिसेंबरात झोपलोय आम्ही. मॅट कसली न् काय कसली. तुम्ही लोक दुकानात जाऊन थंडी विकत घेता.

---

चहाटळ | १० ऑक्टोबर, सकाळी ८:५०

काका, तुम्ही झोपलात की नुसते आडवे पडून शेकोटीकडे बघत होतात, ते पण सांगा.

---

घोंगडी | १० ऑक्टोबर, सकाळी ९:०२

शेकोटी होतीच. ते कुठं नाकारलं.

---

वॅटमीटर | १० ऑक्टोबर, दुपारी १:२०

पायवाट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहिलंय. वरून गरम, खालून गार. बॅगेचा दोष नाही.

स्लीपिंग बॅग ऊब देते ती तिच्या पिसांत किंवा धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. तुम्ही तिच्यावर पडलात की अंगाखालचा भाग चपटा होतो आणि हवा निघून जाते. म्हणजे तुमच्या खुब्याखाली बॅग जवळजवळ नव्हतीच. दोन पातळ कापडं आणि मधे चेपलेला कापूस, एवढंच. खालचं काम मॅटनेच करायचं असतं. उणे दहाची बॅग आणली तरी खाली तीच निळी गुंडाळी असेल तर खुबा तसाच गारठणार.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. बॅगेवरचा अंशांचा आकडा प्रमाणित चाचणीतून आलेला असेल, तर ती चाचणी बॅगेत तापवलेला पुतळा घालून करतात आणि पुतळ्याखाली चांगली मॅट असते. म्हणजे तो आकडा मॅट धरूनच आहे. त्यातही ‘कम्फर्ट’ (आरामात झोप लागेल तो) आणि ‘लिमिट’ (जेमतेम निभेल तो) असे दोन आकडे असतात. दुकानदार ठळक अक्षरातला वाचतो, आपण बारीक अक्षरातला कम्फर्ट वाचायचा.

आता मॅटची भाषा. उष्णतेला मॅट किती अडवते त्याला आर-व्हॅल्यू म्हणतात. जास्त आकडा, जास्त अडवणूक. २०२० च्या आधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची, त्यामुळे एकीचे ४ आणि दुसरीचे ४ यांचा मेळ बसेलच असं नव्हतं. मग एएसटीएम एफ३३४० नावाचं प्रमाण आलं. मॅट दोन पाट्यांमधे ठेवतात, वरची ३५ अंशांवर, म्हणजे आपलं अंग. खालची ५ अंशांवर, म्हणजे जमीन. वरची पाटी ३५ ला टिकवायला किती वीज लागते ते मोजायचं, झालं. खोक्यावर या प्रमाणाचा उल्लेख नसेल तर आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आपल्याकडे ऑनलाइन मिळणाऱ्या कित्येक मॅटांवर नुसतं ‘उणे १५ पर्यंत चालते’ असं असतं. ते वाचून सोडून द्यायचं.

सगळ्यात कामाची गोष्ट अशी की आर-व्हॅल्यूंची सरळ बेरीज होते. २ ची मॅट ३ वर ठेवली की ५.

---

दोरगाठ | १० ऑक्टोबर, रात्री ९:३३

वॅटमीटर यांना अनुमोदन. उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला तेव्हा डोक्रानी बामक हिमनदीच्या बाजूला तंबूत असेच धडे मिळाले. खाली साधी फोमची मॅट. पहिल्या रात्री मी रिकामी सॅक तंबूच्या कोपऱ्यात नीट घडी करून ठेवली आणि कुडकुडत राहिले. शेजारची गढवाली मुलगी हसली. तिने आपली सॅक पायांखाली पसरली होती, कमरेखाली दोराची वेटोळी. माझी सॅक ओढून तिने माझ्या पोटऱ्यांखाली सरकवली, आणि मी दहा मिनिटांत घोरायला लागले म्हणे.

केदारकंठाला तुमचा एखादा मुक्काम जुडा का तालाबपाशी असेल, साधारण २७०० मीटरवर, आणि एक वर बेस कॅम्पला, ३४०० च्या आसपास. माथा ३८१० मीटर. डिसेंबरअखेर वरच्या मुक्कामाला रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो, आणि तंबू बर्फावर. माझ्या मते खालून एकूण आर ५ तरी हवं.

---

बोरकाटा | ११ ऑक्टोबर, रात्री १२:०७

फुगवायची मॅट घेणाऱ्यांसाठी माझी कर्मकहाणी.

तीन वर्षांपूर्वी हौसेने घेतली. इन्सुलेटेड, साडेसात सेंटिमीटर जाड, गुंडाळली की पाण्याच्या बाटलीएवढी. पहिलाच मुक्काम सुधागडावर. वाड्यात जागा नव्हती म्हणून बाहेर पथारी टाकली. दहा वाजता राजासारखा झोपलो. बारा वाजता कंबर थोडी खाली गेल्यासारखी वाटली, म्हटलं भास असेल. दोन वाजता खुबा टेकला. मॅट माझ्या दोन बाजूंना दोन उशांसारखी वर आली होती आणि मी मधल्या दरीत. फुगवली. पाऊण तासात परत दगड. रात्रभर पाऊण-पाऊण तासाने उठून फुंकर मारत होतो, तान्हं मूल घरात असल्यासारखा.

सकाळी भोक शोधायला बसलो. कानाजवळ धरली, आवाज नाही. मग ओला गाल मॅटवरून फिरवला. ही युक्ती लक्षात ठेवा. ओल्या गालाला बारीकशी झुळूकही कळते. सापडलं: बोरीच्या काट्याचं टोक, टाचणीच्या अग्राएवढं.

दोन चुका केल्या. पहिली, खाली काही अंथरलं नाही. दुसरी, घरी येऊन सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावलं. ते ट्यूबच्या रबरासाठी असतं. मॅटच्या कापडाला आतून प्लॅस्टिकचा थर असतो, त्यावर ते धरत नाही. ठिगळ दोन रात्रीत सुटलं. शेवटी मॅटसोबत आलेलं ठिगळच वापरलं. जागा स्पिरिटने पुसली, पूर्ण वाळू दिली, वर जाड पुस्तकं ठेवून एक दिवस दाबली. आजतागायत टिकलंय.

आणि हात जोडून विनंती: भोक शोधायला मॅट गडावरच्या टाक्यात बुडवू नका. एकाला साबण लावून बुडवताना पाहिलंय. लोक ते पाणी पितात हो.

---

घोंगडी | ११ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

गोणपाट पंक्चर होत नाही.

---

रेनियरवासी | ११ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

सिअ‍ॅटलहून लिहितोय. या शहराशी मॅटचं जुनं नातं आहे. १९७० च्या सुमारास बोईंगमधल्या नोकऱ्या धडाधड गेल्या. तिथल्या दोन इंजिनिअरांनी आणि त्यांच्या एका गिर्यारोहक मित्राने मिळून १९७२ मधे कॅस्केड डिझाइन्स काढली आणि आपोआप फुगणारी थर्म-ए-रेस्ट मॅट आणली. सांगतात की त्यांच्यातला एक जण बागकाम करताना स्पंजच्या गादीवर गुडघे टेकत होता. टेकले की हवा निघायची, उठला की गादी पुन्हा हवा ओढून घ्यायची. स्पंजला हवाबंद कापड चिकटवून कोपऱ्यात झडप बसवली तर? तीच ती मॅट.

इथल्या तीन नावांचे आकडे देतो, तुलनेला बरे. दुमडीची फोम मॅट झेड लाइट सोल: आर २.०, ४१० ग्रॅम. हवेची एक्सलाइट एनएक्सटी: आर ४.५, ३७० ग्रॅम. बर्फासाठीची एक्सथर्म एनएक्सटी: आर ७.३, साधारण ४४० ग्रॅम. म्हणजे वजन जवळपास तेच आणि ऊब साडेतीन पट. फरक खिशात पडतो. मधलीच दोनशे डॉलरच्या आसपास जाते. वर्षातून एक हिमालय करणाऱ्याने एवढे पैसे घालावेत असं मला वाटत नाही.

---

चहाटळ | ११ ऑक्टोबर, सकाळी १०:११

दोनशे डॉलरमधे मी पायथ्याच्या सांक्री गावात खोली घेऊन खिडकीतून केदारकंठा बघेन.

---

पायवाट | ११ ऑक्टोबर, रात्री ११:१५

सगळ्यांचे आभार. आज माळ्यावरून निळी गुंडाळी काढली आणि लेकाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन मोजायला बसले. कडेला जाडी ९ मिलिमीटर. मधे, जिथे माझा खुबा येतो, तिथे ४. खांद्याच्या जागी ५. उजेडासमोर धरली तर मॅटवर माझाच आकार दिसतो, पातळ पातळ. बारा वर्षं मी ती दाबत होते आणि मला पत्ताच नाही.

वॅटमीटर, एक शंका. हवेच्या मॅटमधे तर नुसती हवाच असते. मग साडेसात सेंटिमीटर हवा आणि एक सेंटिमीटर फोम, यात हवा का जिंकत नाही? हवा उष्णता अडवते असं शाळेत शिकलो होतो.

---

वॅटमीटर | १२ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

शाळेत अर्धंच शिकवतात. स्थिर हवा उष्णता अडवते. मोठ्या पोकळीतली हवा स्थिर नसते. तुम्ही कूस बदललीत की आतली हवा इकडून तिकडे पळते, गरम हवा कडेला आणि गार हवा तुमच्या खाली. शिवाय वरचं कापड खालच्या थंड कापडाकडे उष्णता फेकत राहतं. म्हणून तलावात तरंगायची साधी हवेची गादी जाड असूनही १ च्या आसपासच अडकते. इन्सुलेटेड मॅटमधे याला दोन उपाय करतात. एक, आत पॉलिस्टरचा कापूस किंवा पिसं भरून हवेला जागच्या जागी डांबायचं. दुसरा, आत चकचकीत पापुद्र्यांचे थर लावून फेकली जाणारी उष्णता परत पाठवायची. काही मॅट कूस बदलली की चिप्सच्या पाकिटासारख्या कुरकुरतात त्या या पापुद्र्यांमुळे. बहिणीची झोप सावध असेल तर दुकानातच लोळून बघा.

फोममधे मात्र प्रत्येक बुडबुडा बंद असतो. हवा पळणार कुठे? १० मिलिमीटर चांगल्या फोमचं उत्तर साधारण १.४ येतं. तुमच्या ४ मिलिमीटरचं ०.६ च्या आत. त्यात खाली रतनगडाचा कातळ. कातळ सुक्या गवताच्या कित्येक पट वेगाने उष्णता ओढतो.

आता ढोबळ गणित बघा. अंगाचा जमिनीला लागणारा भाग ०.४ चौरस मीटर धरा, त्वचा ३३ अंश, बर्फ शून्य. आर १.४ ची मॅट असेल तर खालून दर सेकंदाला साधारण ५३ वॅट जातात. आर ४.५ असेल तर १७. दोन्ही एकावर एक घातल्या तर १३ च्या खाली. झोपलेला माणूस सगळा मिळून तयार करतो ७०-८० वॅट. त्यातले ५३ जमिनीला दान केले तर नाकाला, पायांना काय उरणार? बॅगेचा थोडा अडसर मी धरला नाही, त्यामुळे आकडे प्रत्यक्षात जरा कमी येतील, पण प्रमाण हेच.

‘दर सेकंदाला वॅट’ चुकून लिहिलं, वॅट म्हणजेच दर सेकंदाचा हिशोब. कॉलेजचे सर असते तर डस्टर आला असता.

---

घोंगडी | १२ ऑक्टोबर, सायंकाळी ५:३०

वॅटमीटरसाहेब, मग पेंढा घालून झोपायचो ते बरोबरच होतं की. मेंढपाळ रानात घोंगडीच्या दोन घड्या खाली घालतो, वर एकच पांघरतो. त्याला कोणी आर-व्हॅल्यू सांगितली नाही.

---

वॅटमीटर | १२ ऑक्टोबर, सायंकाळी ६:०४

काका, शंभर टक्के बरोबर. दोन घड्या खाली आणि एक वर, हाच या धाग्याचा सारांश आहे. लोकर चेपली तरी पूर्ण चपटी होत नाही. फक्त पाच-सहा किलो घोंगडी सांक्रीपासून वर नेणार कोण?

---

दोरगाठ | १३ ऑक्टोबर, रात्री ८:५०

खरेदीबाबत माझं मत सांगते, पटलं तर घ्या.

आठ हजारांत दोन भारी हवेच्या मॅट घेऊ नका. दोघींना एकेक दुमडीची फोम मॅट, अंड्याच्या ट्रेसारख्या खळग्यांची, आर २ च्या जवळपासची. ती सॅकच्या बाहेर बांधता येते, जेवताना बसायला होते, चुलीची ठिणगी उडाली तर एक भोक पडतं पण मॅट जगते. आयुष्यभर सह्याद्रीत तीच वापराल. वर हवेची मॅट एखादी घ्या, एखादी कोणाकडून मागून न्या. फोम खाली, हवेची वर. बेरीज दोन्हीकडून सारखीच, पण फोम खाली असला की काट्याखड्यापासून वरची वाचते, आणि वरची फुटलीच तर निदान फोम उरतो. फुटणाऱ्या एकाच वस्तूवर बर्फात झोप टांगून ठेवू नये.

पॅकिंगचा साधा पांढरा ईपीई फोम घेऊ नका. नवीन असताना छान वाटतो, दोन मुक्कामांत पापड होतो. अंगठ्याने जोरात दाबून सोडा. खळगा लगेच भरला तर घ्या, अंगठ्याचा ठसा राहिला तर ठेवून द्या.

आयोजकांच्या मॅटवर फार विसंबू नका. एका ट्रेकला, नाव घेत नाही, ‘इन्सुलेटेड मॅट मिळेल’ असं लेखी होतं. तंबूत बघितलं तर योगासनाची सहा मिलिमीटरची मॅट. आधीच विचारा: किती जाड, माणशी एक की तंबूत दोन मिळून एक.

---

बोरकाटा | १३ ऑक्टोबर, रात्री ९:१५

पायवाट, माझी ठिगळाची मॅट न्या. आर ३.५ लिहिलंय, प्रमाणासकट. डिसेंबरात मी ऑफिसात वर्षअखेरीचे हिशोब करत असणार. ठाण्यातून घेऊन जा. आत्मविश्वासाने देतोय, पण सोबत ठिगळाचं पाकीटही देतो.

---

पायवाट | १४ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

बोरकाटा, तोंडात साखर पडो. नक्की नेते.

---

रेनियरवासी | १४ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

हवेच्या मॅटबद्दल चार गोष्टी. तोंडाने फुंकू नका, श्वासातली वाफ आत जाते; थंडीत ती गोठते आणि घरी आल्यावर आत बुरशी धरते. मुंबईच्या दमटात तर हमखास. मॅटसोबत पिशवीचा पंप मिळतो, तो वापरा. टम्म फुगवू नका. कुशीवर झोपून खुबा जमिनीपासून दोन बोटं वर राहील इतकीच हवा ठेवा.

रात्री मॅट मऊ लागली तर लगेच पंक्चर समजू नका. संध्याकाळच्या उन्हात भरलेली हवा रात्री उणे पाचला आकसते. झोपायच्या आधी पुन्हा थोडी भरा.

लडाखला जाणाऱ्यांसाठी: आपोआप फुगणारी मॅट झडप बंद करून गाडीत टाकली आणि खारदुंगला चढलात की ती फुगून भोपळा होते. आतला स्पंज कापडापासून सुटून एकदा टेंगूळ आलं की मॅट गेलीच. घरी ती माळ्यावर उलगडून, झडप उघडी ठेवून ठेवायची.

---

चहाटळ | १४ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

अवांतर: ‘कॅरीमॅट’ हा शब्द ‘कॅरी करायची मॅट’ असा नाही, हे मला परवा कळलं. कॅरिमोर नावाची ब्रिटिश कंपनी होती, तिच्या मॅटचं ते नाव. डालडासारखं झालं.

---

पायवाट | २३ नोव्हेंबर, रात्री १०:५५

धागा वर काढतेय. खरेदी झाली. दुमडीच्या दोन फोम मॅट, आर २ च्या जवळपास. माझ्यासाठी एक हवेची इन्सुलेटेड, आर ३.३, कुरकुरत नाही. दुकानात जमिनीवर लोळले तेव्हा तिथला पोरगा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. बहिणीला बोरकाटा यांची. सगळं मिळून साडेसात हजार. बॅग जुनीच, आत लोकरीचं अस्तर घालणार.

काल रात्री गच्चीवर चाचणी घेतली. नाशिकला आत्ताच गारवा उतरलाय, निफाडकडे तर विचारूच नका. थर्मामीटर १२ अंश दाखवत होता. फरशीवर आधी निळी गुंडाळी, वीस मिनिटं. मग फोम. मग दोन्ही नव्या एकावर एक. प्रत्येक वेळी उठल्यावर खुब्यावर तळहात ठेवून बघितला. निळीवर खुबा गार. फोमवर कोमट. दोन्हीवर वीस मिनिटं झाल्याचं कळलंच नाही, नवऱ्याने वर येऊन उठवलं. शेजारच्या गच्चीवरच्या आजी विचारत होत्या, भांडण झालंय का घरात.

---

दोरगाठ | २४ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

हाहा. एक राहिलं. तंबू लावण्याआधी खालचा बर्फ बुटांनी तुडवून सपाट करा आणि अर्धा तास तसाच राहू द्या, घट्ट होतो. नाहीतर पहिल्या रात्री खुब्याच्या जागी खड्डा पडतो, तो गोठतो, आणि मग त्या साच्यातच झोपावं लागतं. डोकं चढाकडे. नायलॉनवर नायलॉन घसरतं, फोम खाली असला की कमी घसरतं.

---

पायवाट | ५ जानेवारी, रात्री ९:४०

परत आलो. माथ्यावर सूर्योदयाच्या वेळी पोचलो, स्वर्गारोहिणीवर सोनं उतरलेलं, फोटो वेगळ्या धाग्यात टाकते. इथे फक्त झोपेचा वृत्तांत.

जुडा का तालाबपाशी पहिली रात्र. बर्फ तुडवला, अर्धा तास थांबलो, मॅट टाकल्या. मी आठला झोपले ते पाचला उठले. मधे एकदाही कूस बदलल्याचं आठवत नाही. सकाळी मॅट उचलली तर फोमच्या खालच्या बाजूला बर्फाचे दाणे तसेच कोरडे चिकटलेले. वितळलेले नव्हते! वॅटमीटर, तुमचे वॅट खाली गेलेच नाहीत.

दुसरी रात्र बेस कॅम्पला. रात्री दोनला बहिणीने मला हलवलं. “ताई, गेली. ठिगळ सुटलं.” डोक्याला टॉर्च लावून बघतो तर मॅट मऊ, पण सपाट नाही. ठिगळावरून ओला गाल फिरवायचा विचार केला, पण उणे आठात गालाला पाणी लावायची हिंमत नव्हती. मग रेनियरवासी आठवले. पंपाच्या पिशवीत ओले मोजे भरून टांगलेले, ते गोठून कडक. नाइलाजाने दोन फुंकरी तोंडानेच. सकाळपर्यंत मॅट जशीच्या तशी. बोरकाटा, तुमचं ठिगळ शाबूत आहे. वाफ घालवायला मॅट झडप उघडून दोन दिवस पंख्याखाली ठेवली होती.

शेजारच्या तंबूतली दोन पोरं आयोजकांच्या पातळ मॅटवर होती, रात्रभर तंबूची चेन वर-खाली. शेवटच्या रात्री खाली उतरल्यावर आमच्या फोमच्या मॅट त्यांना दिल्या. परत देताना एकाने विचारलं, ही कुठल्या कंपनीची बॅग? म्हटलं बॅग नाही रे, हीच, जी हातात आहे ती.

एक तक्रार: हवेची मॅट अरुंद आहे. हात दोन्हीकडून खाली पडतात. पुढच्या वेळी पाच सेंटिमीटर जास्त रुंद घेईन, वजन गेलं खड्ड्यात.

---

बोरकाटा | ५ जानेवारी, रात्री १०:०२

ठिगळाचं ऐकून ऊर भरून आला.

---

घोंगडी | ६ जानेवारी, सकाळी ६:१०

ताई, अभिनंदन. ती दुमडीची फोमची मॅट फेब्रुवारीत मोकळी आहे का? नातवाला घेऊन हरिश्चंद्रगडला चाललोय. त्याच्यासाठी म्हणून विचारतोय.

---

चहाटळ | ६ जानेवारी, सकाळी ८:३०

त्याच्यासाठी.

---

पायवाट | ६ जानेवारी, सकाळी ८:४५

काका, दोन आहेत, दोन्ही न्या. नाशिकवरूनच राजूरकडे वळा, चहा घेऊन जा. आणि येताना घोंगडी आणा. मला ती खाली घालून गच्चीवर बघायचीय.